सवलतीच्या गाडीचा मालक

ती घटना मला आठवते ती अपघातामुळे नव्हे, गाडीच्या मालकामुळे. नोकरीत अपघात इतके पाहिले की त्यातले बरेचसे आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. हा मालक मात्र वेगळाच उभा राहतो. उभा राहतो हे आपलं बोलायची रीत म्हणून. त्याला स्वतःच्या पायांवर कधी उभं राहता आलं नाही.

मी तेव्हा बीड जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सीताफळांचे दिवस होते. दिवस मावळायच्या सुमारास केजहून मांजरसुंब्याकडे जाणाऱ्या एका मोटारीने ओव्हरटेक करताना समोरून येणाऱ्या मोपेडवाल्याला उडवलं आणि ती न थांबता निघून गेली. मोपेडवाला केजमध्ये हातगाड्यावर फळं विकायचा. डोंगरपट्ट्यातल्या शेतकऱ्यांकडून सीताफळं घेऊन तो घरी निघाला होता. आम्ही पोचायच्या आधी लोकांनी त्याला जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं होतं, पण तो वाटेतच गेला. रस्त्यावर सीताफळांचा चिखल झाला होता. पंचनामा लिहिणाऱ्या हवालदाराचे बूट त्यात चिकटत होते आणि तो दर दोन ओळींना पाय उचलून झाडत होता. हेडलाइटच्या काचा आणि पांढऱ्या रंगाचा प्लास्टिकचा एक तुकडा मिळाला. पंचांच्या सह्या घेऊन ते सील केलं. हातात तेवढंच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मयताची बायको तिच्या भावाबरोबर फिर्याद द्यायला आली. रडून रडून तिचा आवाज बसला होता. ठाणे अंमलदार तिला विचारत होता, गाडी कोणती, रंग कोणता. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "साहेब, गाडी कुणाची बी असू द्या, माणूस माझा गेला. चालवत कोन व्हता तेवढं शोधा."

दुपारी मांजरसुंब्याच्या एका ढाबेवाल्याचा फोन आला.

"साहेब, माझं नाव कुठं येऊ देऊ नका. रस्त्यावर धंदा हाय माझा."

"नाही येणार. बोला."

"काल सांजच्याला एक पांढरी मोठी गाडी आलती. उजवीकडला लाइट फुटलेला. एक उंच पोरगं उतरलं, नळाखाली डोस्कं धरलं, पाण्याच्या बाटल्या घेतल्या, नोट दिली अन् सुटे पैशे न घेताच गेलं."

"नंबर?"

"नंबर न्हाई बघितला. पन मागच्या काचेवर ते चित्र व्हतं बघा, चाकाच्या खुर्चीवर बसलेल्या मानसाचं. अन् पोरगं तर पळत नळाकडं गेलं. म्हनून ध्यानात राहिलं."

खबर देणारे पुष्कळ असतात. नेमकी विसंगती टिपणारा क्वचित भेटतो. त्या चित्राच्या पांढऱ्या मोठ्या गाड्या त्या भागात किती असणार? परिवहन कार्यालयाकडे चौकशी केली, तर केज भागात एकच निघाली. मालकाचं नाव, पत्ता आणि पुढे नोंद: दिव्यांग व्यक्तीचं वाहन, करात सवलत.

हवालदाराला पाठवलं. तो तासाभरात परत आला आणि म्हणाला, "साहेब, मालक सापडला. पळून जायची भीती न्हाई."

आम्ही सगळे हसलो. मीही हसलो.

मालक केजच्या एसटी स्टँडवर टपरी चालवायचा. पाण्याच्या बाटल्या, बिस्किटं, चिप्स. वय चाळिशीचं. लहानपणी पोलिओने दोन्ही पाय गेलेले. टपरीशेजारी त्याची हाताने फिरवायची तीनचाकी सायकल उभी होती. मी मोबाइलवर गाडीची नोंद दाखवली.

"ही गाडी तुमची?"

"कागदावर माझीच हाय."

"कागदावर म्हणजे?"

"म्हंजे तुमाला जेवढी दिसती तेवढीच मला बी दिसती."

मग त्याने सांगितलं. गावातले मोठे जमीनदार त्याचे चुलतभाऊ लागत. सगळा भाग त्यांना आबा म्हणायचा, तोही आबाच म्हणायचा. त्यांच्या वाडीतल्या गोठ्याला लागून असलेल्या खोलीत तो राहत होता.

"आबा एक दिवस सोताहून माझ्या खोलीत आलते. आजवर कधी आले न्हवते. म्हनले, सरकारनं तुमच्यासारख्यांसाठी गाडीवरचा कर कमी केलाय, तुझ्या नावावर घेऊ. तुला बी हिंडायला व्हईल. मला बरं वाटलं साहेब, खोटं कावून बोलू? बीडला नेलं, दाखला काढला, फोटू काढला. शोरूममधी मला हार घातला, म्होरच्या शिटावर बसवलं, नारळ फोडला. समद्यांनी टाळ्या वाजवल्या."

"मग?"

"मग बीडच्याच स्टँडवर सोडलं. म्हनले, तू एस्टीनं ये, मागं खताची पोती घ्यायचीत."

हवालदार पुन्हा हसला. या वेळी मला हसू आलं नाही.

"त्यानंतर कधी बसलात तिच्यात?"

"न्हाई. धुवायला मातर माझ्याच खोलीमागं लावत्यात."

खोलीमागेच गाडी मिळाली, ताडपत्रीखाली. उजवा दिवा फुटलेला, सील केलेला तुकडा पुढच्या बंपरमध्ये नेमका बसला. ठाण्यात आणायची म्हणून मी स्वतः स्टिअरिंगवर बसलो, तर माझे पाय क्लचपर्यंत पोचेनात. सीट पार मागे सरकवलेली होती. त्या क्लचवर माझी नजर क्षणभर अडकली. दोन्ही पायांनी अधू माणसाच्या नावावर क्लचची गाडी. ती विकणाऱ्याने पाहिली होती, नोंदवणाऱ्याने पाहिली होती, सवलत देणाऱ्याने पाहिली होती. सीटला हात न लावता आम्ही ती ट्रॅक्टरने ओढून आणली आणि सीट कुठे होती ते पंचनाम्यात लिहिलं.

वाचकांना पोलीस खात्याची एक रीत सांगायला हवी. मोठ्या माणसाच्या गाडीने अपघात झाला की ठाण्यात 'ड्रायव्हर हजर करतात'. म्हणजे गाडी मुलगा चालवत असो की जावई, दुसऱ्या दिवशी एक गरीब माणूस स्वच्छ शर्ट घालून येतो आणि म्हणतो, मीच चालवत होतो. त्याला जामीन लगेच मिळतो, वकील मालकाचा असतो, घरी धान्य पोचतं. तपास अधिकाऱ्याला आरोपी मिळतो, कागद पुरे होतात. ही रीत मी मोडलेली नव्हती. नोकरीत दोनतीनदा मीही असे ड्रायव्हर घेतले होते आणि शांत झोपलो होतो.

दुसऱ्या दिवशी आबा आले. बरोबर एक ठेंगणा, पन्नाशीचा माणूस, नवीन शर्टाच्या घड्या न मोडलेला.

"साहेब, आपला ड्रायव्हर हाय. चुकलं त्याच्या हातनं. घाबरला व्हता. म्हनलं, कायद्याच्या हवाली करावा." आबा न विचारता खुर्चीत बसले.

खरं तर मी घेतलाही असता. घेतला नाही याचं कारण माझा प्रामाणिकपणा नव्हे. वर्षभरापूर्वी बंदोबस्तात आबांच्या माणसाला मी अडवलं होतं, त्यावरून त्यांनी चारचौघांत माझा पाणउतारा केला होता. तो मनात होता. न्यायाच्या बाजूने मी गेलो तो त्या रागाच्या खांद्यावर बसून. हे तेव्हा मी स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

मी सगळ्यांना आवारात नेलं. हवालदाराने गाडीचं दार उघडलं आणि त्या ठेंगण्या माणसाला विचारलं,

"काय बे, गाडी तूच चालवत होतास?"

"व्हय साहेब."

"मग बस. सीटला हात लावायचा न्हाई."

तो बसला. पाय अधांतरी लोंबकळले. त्याने आबांकडे पाहिलं. "जरा म्होरं सरकू का?"

"सरक की."

तो सीटच्या अगदी कडेला आला, कपाळ स्टिअरिंगला टेकलं, तेव्हा कुठे एका पायाचा अंगठा क्लचला लागला. आवारातले शिपाई तोंड फिरवून हसू लागले.

"त्यानं नंतर सीट मागं केली असंल," आबा म्हणाले.

"माणूस मारून पळालेला ड्रायव्हर उतरताना सीट मागे करून ठेवतो?" मी विचारलं.

तो बिचारा आतूनच म्हणाला, "आबा, म्या आदीच सांगितलं व्हतं, मला टॅक्टरच येतो."

आबा तडक निघून गेले. आबांचा मुलगा कॉलेजात होता, चांगला उंच होता, आणि त्याच्याकडे लायसन नव्हतं, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. पण ठाऊक असणं म्हणजे पुरावा नव्हे. ढाबेवाला साक्षीला येणार नव्हता. कायद्याने एक वाट मात्र होती. अपघाताच्या वेळी गाडी कोण चालवत होतं, हे नोंदणीकृत मालकाला विचारता येतं आणि त्याला उत्तर द्यावं लागतं. म्हणजे ज्या माणसाला त्या वाडीत कोणी काही विचारत नव्हतं, त्याच्याच शब्दावर सगळं येऊन थांबलं.

त्याला ठाण्यात आणलं. माझ्या खोलीला दोन पायऱ्या होत्या; शिपायांनी उचलून आत घेतलं. चहा मागवला. चौकशीत मी कधी आरडाओरड करणारा नव्हतो. माझा अनुभव असा की, धमकावलेला माणूस काहीतरी सांगतो, आणि धीर दिलेला माणूस खरं सांगतो. म्हणून मी धीर द्यायचो. तेही एक हत्यारच आहे, एवढं मला कळत होतं.

"गाडी कोणी आणून लावली तुमच्या खोलीमागे?"

तो बशीत चहा ओतून फुंकत राहिला.

"त्या बाईला बघितलंत तुम्ही? बाहेर बसलीय."

"वळखतो साहेब. तिच्या मालकाचा गाडा माझ्या टपरीसमोरच लागायचा. रोज एक सीताफळ, न्हाईतर केळ ठिवायचा माझ्याकडं. म्हनायचा, 'खा बे, जागेवर बसून बसून सुकलास.'" बशी खाली ठेवून त्याने विचारलं, "म्या नाव घेतलं तर खोली जाईल माझी. ते जाऊ द्या. पन गाडीचा मालक म्याच हाय ना? मग समदं माझ्याच अंगावर येनार न्हाई का?"

प्रश्न अगदी बरोबर होता. नुकसानभरपाईचा दावा गाडीच्या मालकावर होतो. चालवणाऱ्याकडे लायसन नसेल, तर विमा कंपनी मयताच्या घरच्यांना पैसे देते खरी, पण नंतर ते मालकाकडून वसूल करते. हे मला माहीत होतं. पोलीस निरीक्षकाला हे माहीत नसेल तर त्याने गणवेश उतरवावा.

मी म्हणालो, "तुम्हाला काही होणार नाही. खरं सांगा. मी आहे ना."

त्याने बशी बाजूला सरकवली. मग सांगितलं. मुलानेच गाडी आणली. ताडपत्री टाकताना तो रडत होता. खिडकीतून याने विचारलं, काय झालं रे, तर म्हणाला, काका, कुत्रं आडवं आलं. थोड्या वेळाने आबा आले आणि दोघांना म्हणाले, कुणी काही बघितलं नाही.

हा जबाब न्यायदंडाधिकाऱ्यांसमोरही झाला. मुलाला बोलावलं. त्याच्यापुढे मी काका काय म्हणाले एवढंच सांगितलं, तसा तो कोसळला. वाईट पोरगा नव्हता. फक्त आपल्यासाठी नेहमी दुसरं कोणीतरी हजर होतं, हे पाहत मोठा झालेला होता. गुन्हा उघड झाला. वर्तमानपत्रांत 'सीटवरून लावला छडा' असं छापून आलं. वरिष्ठांनी पाठ थोपटली. मी ते कात्रण घरी नेऊन बायकोला दाखवलं.

इथवरची हकीकत मी निवृत्तीनंतर बऱ्याच जणांना ऐकवली आहे. पुढची नाही.

दोषारोपपत्र तयार होत होतं तेव्हा मी गाडीच्या शोरूममध्ये गेलो होतो. तिथल्या व्यवस्थापकाने सगळं मोकळेपणी सांगितलं. गाडी आबांनी पसंत केली, भाव आबांनी केला, पैसे आबांच्या खात्यातून आले, दोन्ही किल्ल्या आबांनी घेतल्या. "नावापुरते ते दुसरे होते, साहेब. सवलतीसाठी. असं चालतंच," तो म्हणाला. मी जबाब नोंदवायला कागद काढला होता, तेवढ्यात मोबाइल वाजला. वरच्या एका माणसाचा निरोप होता: मुलगा घेतलात, ठीक आहे. बापाला कशाला ओढता? तुमची बदली पण तोंडावर आहे. माझ्या मुलीची बारावी होती, मला त्या वर्षी बीड सोडायचं नव्हतं. मी कागद परत खिशात घातला, व्यवस्थापकाने मागवलेला चहा घेतला आणि निघून आलो. बदल्यांची यादी निघाली तेव्हा तीत माझं नाव नव्हतं.

मुलाविरुद्धचा खटला आपल्या वाटेने गेला. दुसरीकडे त्या बाईने नुकसानभरपाईचा दावा लावला आणि सगळं अगदी कायद्याप्रमाणे घडलं. विमा कंपनीने लायसनचा मुद्दा काढला. कर खात्याची नोटीस आली: सवलतीचा गैरवापर झाला आहे, माफ केलेला कर भरा. नोटीस अर्थातच मालकाच्या नावाने. आबांनी लेखी म्हणणं दिलं की गाडी त्यांच्या अपंग भावाची असून त्यांनी नातेवाईक म्हणून खरेदीत मदत केली होती. खोली त्यांनी आधीच रिकामी करून घेतली होती. मालक टपरीतच झोपू लागला.

न्यायाधिकरणात माझी साक्ष झाली. मालकाचा वकील सरकारी मदतीतून मिळालेला तरुण होता. त्याने विचारलं, "गाडीचे पैसे कोणी दिले, ती कोणाच्या ताब्यात असायची, याचा तुम्ही तपास केला का?"

मी म्हणालो, "त्या दिशेने तपास केला नाही."

वाक्य खरं वाटावं असं होतं. मालक कोपऱ्यात बसला होता. त्याने मान वर केली नाही, आणि ती खाली घातलेली मानच माझ्या लक्षात राहिली. निकाल लागला: विमा कंपनीने बाईला रक्कम द्यावी आणि ती वाहनाच्या मालकाकडून वसूल करावी. बाईला तिचं मिळालं, ते मिळायलाच हवं होतं. पण देणारा म्हणून कायद्याला त्या सगळ्या भागात सापडला तो एसटी स्टँडवरचा टपरीवाला.

पुढे मी मुदतीच्या आधीच निवृत्ती घेतली. कारणं घरची सांगितली.

निवृत्तीनंतर आम्ही बीडमधला फ्लॅट विकायचं ठरवलं. 'आम्ही' म्हणजे मी. फ्लॅट बायकोच्या नावावर आहे. बाईच्या नावाने घर घेतलं की मुद्रांक शुल्कात सवलत मिळते, म्हणून घेतला होता. मी गिऱ्हाईक पाहिलं, भाव ठरवला, विसार घेतला आणि तिला म्हटलं, अमुक दिवशी सहीला यायचंय.

ती भाजी निवडत होती. म्हणाली, "कुणाचं घर?"

"आपलं."

"नावावर कुणाच्या हाय?"

"तुझ्या. पण ते सवलतीसाठी..."

"सवलत बायकांना घर मिळावं म्हनून देत्यात का नवऱ्याला स्वस्तात पडावं म्हनून?" तिने मान वर न करताच विचारलं. "तुमी त्या आबांना लई नावं ठिवता. वाडीत खुर्चीवर बसलेलं आबा अन् हितं बसलेलं तुमी, फरक काय हाय ते तेवढं सांगा."

विसार मी परत केला. तो प्रश्न मात्र परत करता आला नाही.

तेव्हापासून मी या गोष्टीचा विचार करत आलो आहे. करसवलत वाईट नाही. सरकारला वाटतं बायकांच्या नावावर घरं व्हावीत, अपंगांनी घराबाहेर पडावं, मागास भागात कारखाना यावा, लोकांनी विजेवरची वाहनं घ्यावीत. त्यासाठी सरकार म्हणतं, तुम्ही हे करा, आम्ही आमचा वाटा सोडतो. हुकूम काढण्यापेक्षा हे शहाणपणाचं आहे, आणि पुष्कळदा कामही होतं. आमच्याच भागात ब्रेक-क्लच हाताने चालवता येतात अशी मोटार घेऊन रोज शाळेवर जाणारी एक शिक्षिका आहे. ती सवलत नसती तर तिला नोकरी सोडावी लागली असती. पण सरकार पैसे देतं तेव्हा कोणीतरी पावती मागतं, तपासणीला येतं. न घेतलेल्या पैशाचं कोणी विचारत नाही. तो गुपचूप सोडला जातो आणि ज्याच्या हातात आधीच काठी आहे, तोच तो गुपचूप उचलतो. सवलत देताना एक नाव विचारतात. त्या नावाच्या माणसाला घरात कोणी विचारतं का, हे नाही विचारत. आणि सगळं बिघडलं की मग पुन्हा तेच नाव शोधत येतात. त्या वेळी शोधत येणारा मी होतो.

मी केजला गेलो. मालक टपरीत होता, केस पांढरे झालेले.

"ओळखलं का?"

"तुमाला न वळखून कसं चालंल."

मी त्याला शोरूमची गोष्ट सांगितली. निरोपाची, खिशात घातलेल्या कागदाची, सगळी. गिऱ्हाइकं येत-जात होती. तो मधूनच बाटली देत होता, सुटे पैसे परत करत होता. मी थांबलो तेव्हा म्हणाला, "म्हंजे तवा तुमाला म्हाईत व्हतं."

"हो."

"अन् 'काई व्हनार न्हाई' म्हनलात, तवा बी समदं माझ्यावरच येनार हे म्हाईत व्हतं?"

"तेव्हाही."

त्याने काउंटरवरचं फडकं उचलून बरणी पुसली. पुसलेलीच पुन्हा पुसली. "अपील चालू हाय," एवढंच म्हणाला. "तारखेला येनार का? कागद न्हाई. तुमी."

मी गेलो. आधी शपथपत्र दिलं, मग परवानगी घेऊन साक्षही दिली. शोरूमचा तो व्यवस्थापक आता दुसरीकडे होता. त्याला शोधून काढला, तोही आला. आबांच्या वकिलाने मला विचारलं, "म्हणजे आधी तुम्ही शपथेवर खोटं बोललात?" मी हो म्हणालो. त्याचे जे परिणाम व्हायचे ते मी भोगतो आहे, त्याबद्दल इथे लिहीत नाही. निकालात गाडी प्रत्यक्षात आबांच्या मालकीची आणि ताब्यातली ठरली. वसुली त्यांच्याकडून करायचा आदेश झाला, कर खात्यालाही तसं कळवलं गेलं.

मला वाटलं, झालं. मालकाला फोनवर सांगितलं तेव्हा तो बरं म्हणाला. मग त्याने विचारलं, "साहेब, एक इचारू? बाजूला चाकं लावलेली स्कूटर घ्यावी म्हनतोय. भाचा हप्ते भरायला तयार हाय. ती कराची सवलत माझी मला मिळंल का?"

परिवहन कार्यालयाचा महिन्याचा कॅम्प केजला विश्रामगृहावर भरतो. आम्ही तिथे गेलो. तो झाडाखाली त्याच्या तीनचाकीत थांबला, मी आत गेलो. बाबू सभ्य होता. त्याने नाव घातलं आणि संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला.

"साहेब, यांना सवलत दिलेली आहे की. मोटार घेतलीय यांनी. ठरावीक वर्षांत एकदाच मिळते."

"ती गाडी त्यांची नव्हती. कोर्टाचा निकाल आहे."

"निकाल मालकीचा असेल. सवलत यांच्याच दाखल्यावर गेली ना? अर्ज वर पाठवतो. पण हे इथे असंच दिसणार."

पडद्यावर त्याचं नाव होतं, पायांच्या अपंगत्वाची टक्केवारी होती, पांढऱ्या गाडीचा नंबर होता. प्रत्येक रकान्यात बरोबर माहिती भरलेली होती. सरकारच्या लेखी जिल्ह्यातला तो एक माणूस कधीच हिंडूफिरू लागला होता.

मी बाहेर आलो. काय सांगावं ते जुळवत झाडाखाली पोचलो. माझ्या तोंडाकडे बघूनच त्याने ओळखलं.

"ऱ्हाऊ द्या साहेब," तो म्हणाला आणि सायकलचं तोंड फाटकाकडे वळवलं. फाटकापासून रस्त्यापर्यंत चढ होता. हाताने पॅडल मारून तो अर्ध्यावर गेला आणि थांबला, मागे न बघता म्हणाला, "ढकला जरा."

मी मागे गेलो आणि ढकलू लागलो.